डिंक नको, गाठ घाला: हलव्याचे दागिने घरी करताना

१९९६ सालच्या तिळवणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, माझ्या धाकट्या जावेच्या कमरेवरून हलव्याचा पट्टा घसरला आणि थेट चंद्रकळेला, म्हणजे तिच्या काळ्या साडीला, चिकटला. पट्टा मीच केला होता. पुठ्ठा कापून, त्यावर पांढरा गोंद थापून, एकेक दाणा चिमट्याने बसवलेला. रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी वरून हात फिरवला तर अगदी कडकडीत. पण गोंदात पाणी असतं आणि संक्रांतीचा हलवा म्हणजे शेवटी दाण्यावर चढवलेली काटेरी साखर. पुठ्ठ्याच्या बाजूने दाणे आतल्या आत विरघळत होते ते मला दिसलंच नाही. संध्याकाळी पंधरा-वीस बायका जमल्या, खोली तापली, ती बिचारी प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होती, आणि सातव्या की आठव्या नमस्काराला पट्ट्याने धीर सोडला.

वाईची माझी आत्या तेव्हा आमच्याकडे आलेली होती. तिने खाली पडलेला तुकडा उचलला, एक दाणा दाताखाली घेतला आणि लगेच हातावर काढला. "अगं, हे खायचं कसं?" एवढंच म्हणाली.

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. दागिने घालायचे, फोटो काढायचे, मग ते कपाटावर धूळ खात पडतात आणि पावसाळ्यात त्यांचा चिकट गोळा होतो, असंच मी पाहिलेलं. आत्याच्या घरी दागिना दुसऱ्या दिवशी मोडून पोरांच्या हातावर ठेवत. त्यात दोरा सोडला तर पोटात जाऊ नये असं काही नसायचं. आत्या आठ दिवस राहिली आणि मला गाठ शिकवून गेली. त्यानंतर हलव्याच्या दाण्याला मी गोंद लावलेला नाही. गरम डिंकाची बंदूकही नाही. ती सोयीची खरी, पण तिच्या कोळिष्टकांसारख्या जाळ्या काट्यांत अडकतात आणि तो दाणा खाता येत नाही तो नाहीच.

दर वर्षी डिसेंबरच्या मध्यावर आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतून आणि नात्यातून विचारणा सुरू होते. काकू, भाचीचं पहिलं वर्ष आहे. मावशी, बाळाचं बोरन्हाण आहे. मी करून देते, पण आता साठी उलटली, डोळे दुखतात. तेव्हा तुम्हीच शिका. लिहून ठेवते.

हलवा

सगळा खेळ काट्यावर आहे. गुळगुळीत दाण्यावर दोरा ठरत नाही. काट्यांच्या मधल्या खाचेत तो बसला की मात्र हलत नाही. त्यामुळे हलवा घेताना किलोचा भाव नंतर विचारा, आधी चिमूटभर हातावर घेऊन बघा. काटा टोकदार हवा, दाणा कोरडा वाजला पाहिजे. मी पर्समध्ये काळ्या कापडाचा तुकडा नेते, त्यावर चार दाणे घासते. पांढरं पीठ पडलं तर काटे भुसभुशीत आहेत, गाठ आवळताच झडतील. दुकानदार बघत राहतो. बघू दे.

आतला दाणा कसला आहे यावर आकार ठरतो. तिळाचा हलवा लांबट असतो, तो लडीला, म्हणजे दाणे ओळीने गाठवलेल्या दोऱ्याला, ज्याच्या हार, ठुशी, बांगड्या होतात. साबुदाण्याचा गोल आणि टपोरा, तो कुड्यांना आणि नथीला. खसखशीचा फार बारीक, त्याला गाठ बसत नाही. तो बशीत ठेवा आणि काम करताना तोंडात टाका. गुलाबी-पिवळा रंगीत हलवा मी घेत नाही. हाताला घाम आला की त्याचा रंग दोऱ्याला लागतो आणि सगळी लड मळकी दिसते.

नवरीच्या पूर्ण साजाला मी पाव किलो आणते. त्यातला निम्मा वेचण्यात बाद होतो. वेचायचा हातानेच, मोठा, मध्यम, बारीक अशा तीन वाट्यांत. एकदा घाई म्हणून चाळणी लावली होती. चाळणीखाली काटे आणि वर बोडके दाणे, अशी अवस्था झाली.

घरी हलवा करायचा असेल तर जरूर करा, पण त्या वर्षी दागिने दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. अर्धी वाटी तीळ, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाकाला उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची, पाक एकतारी करायचा. जाड बुडाच्या परातीत तीळ, खाली अगदी मंद आच, आणि पाक एका वेळी चमचाभरच. बोटांनी सतत हलवत राहायचं, तो चमचा पूर्ण वाळला की मग पुढचा. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात आणि आलेला काटाही बुजतो. पहिल्या दिवशी काहीच झाल्यासारखं वाटत नाही, दुसऱ्या दिवशी तीळ पांढरे होतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा धरतो. आत्या वाईला पहाटेच्या थंडीत शेगडी घेऊन मागच्या अंगणात बसायची. कोरड्या थंडीत पाक पटकन सुकतो. मी डोंबिवलीत तीनदा करून पाहिला, एकदाच जमला. आणि पाकात लिंबू पिळू नका. लिंबाने साखर लवकर ओल धरते, दागिना दोन दिवसांत चिकट होतो. विकतचा हलवा हाताला चिकटला की मी समजते, आत लिंबू आहे.

दोरा

गोधडी शिवायचा पांढरा सुती दोरा उत्तम. जानेवारीत पतंगाचा दोरा सगळीकडे मिळतो, त्यातला मांजा न लावलेला साधा सुतीही चालतो. मांजाचा मात्र चुकूनही घेऊ नका, त्यात काच असते. नायलॉन गुळगुळीत, गाठ सरकते. दोऱ्याला मेण लावा असं कुणी सांगेल. लावू नका, ते उद्या पोटात जायचं आहे.

दोरा किती घ्यायचा? नवख्यांचं इथेच चुकतं. प्रत्येक दाण्याला दोऱ्याचे दोन वेढे बसतात, त्यामुळे दोरा भराभर संपतो. जितकी लांब लड हवी त्याच्या आठपट दोरा घ्या. हातभर ठुशीला आठ हात. मधे जोड आला की तो दिसतो. उरलेला दोरा पत्त्यातल्या पानावर गुंडाळून ठेवायचा, म्हणजे गुंता होत नाही.

बाकी कात्री, सुई, काळं कापड, लग्नपत्रिकांचे जाड कागद (लग्नसराईत पत्रिका टाकून देऊ नका), काचेचे बारीक काळे मणी, थोडी बारीक तार. आणि माझ्याकडे चार आण्याचं एक नाणं आहे. ते चलनातून २०११ मध्येच गेलं, पण माझ्या शिवणाच्या डब्यात मापासाठी अजून चालतं.

गाठ

हे सावकाश वाचा. दोरा हातात घेऊनच वाचा.

आत्या हिला खुंट्याची गाठ म्हणायची, कारण गुराचं दावं खुंट्याला अशाच गाठीने बांधतात. गंमत अशी की तिला दोऱ्याचं टोक लागत नाही. मैलभर दोऱ्याच्या मधोमधही ती घालता येते, म्हणून तर लड करता येते.

पाटावर बसा. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवा. पटवेकरी दागिना गाठवताना असाच बसतो. लाज वाटत असेल तर पाटाला खिळा ठोका, पण अंगठ्याने ताण कमी-जास्त करता येतो तो खिळ्याने येत नाही. दोरा आता तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे ताणलेला आहे असं धरा. डाव्या चिमटीत धरून उजव्या हाताने एक बारीक कडी करा. कडी करताना उजवीकडचा दोरा डावीकडच्या दोऱ्याच्या वरून गेला पाहिजे. ही कडी डाव्या चिमटीतच ठेवा. तिच्या लगेच उजवीकडे दुसरी कडी करा, हुबेहूब तशीच, पुन्हा उजवीकडचा दोरा वरून. आता ही दुसरी कडी उचलायची आणि पहिलीच्या मागे नेऊन ठेवायची. पुढे ठेवलीत तर नुसता वेढा होतो, ओढल्यावर दाणा टुणकन बाहेर. मागे गेली की दोन्ही कड्यांच्या मधे दोरा स्वतःलाच दाबून धरतो. तेच तिचं कुलूप.

दोन्ही कड्या एकावर एक आल्या की मधल्या भोकात तिळाचा दाणा उभा घाला, असा की दोरा त्याच्या कमरेला येईल. मग दोन्हीकडून ओढा. एकदम नाही. आधी हलका ताण, बोटाच्या टोकाने दाणा थोडा फिरवा, दोरा काट्यांच्या मधे उतरला की बोटाला कळतं. एक बारीकसा "टक्" होतो. मग घट्ट. जोरात ओढलंत तर काटा मोडतो आणि कधी अख्खा दाणा फुटून आतला तीळ हातात येतो. पहिल्या दिवशी माझे वीसातले अकरा दाणे फुटले होते. आत्या फुटलेले मुकाट्याने खात होती.

पुढची गाठ पहिल्या दाण्याला खेटून. दोन दाण्यांत दोरा दिसता कामा नये. दहा-बारा दाणे झाले की लड हातावर उलटी करून झटका. जो पडेल तो पडू दे, आत्ता पडलेला बरा.

सुरुवातीला तासाला वीस दाणे होतील. चार दिवसांत बोटं आपोआप चालायला लागतात. मग समोर मालिका लावा, गप्पा मारा, काहीही करा. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, एका कानाने ऐकत दोन्ही हात चालवायची सवय होतीच.

हात ओले नकोत, घामेजलेले नकोत. शेजारी वाटीभर तांदळाचं पीठ ठेवा, बोटं अधूनमधून त्यात बुडवा. टाल्कम पावडर नको. का नको ते आता सांगायला नको.

तिळवणाचा साज

लड जमली की अर्धे दागिने झालेच. हातभर लडीची दोन्ही टोकं काळ्या रिबिनीला शिवली की ठुशी. तीन लडी, प्रत्येक मागचीपेक्षा चार बोटं लांब, एकत्र बांधल्या की तीनपदरी हार. मानेला लागणाऱ्या बाजूने काळ्या कापडाची पट्टी शिवायला विसरू नका. हलव्याचे काटे दिसतात नाजूक, पण तासाभराने मानेवर लाल वळ उठतात. लग्नातल्या खऱ्या दागिन्यांनी जेवढं टोचलं नसेल तेवढं हे टोचतात.

बांगड्यांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्या घ्या, नवरीच्या मापापेक्षा एक माप मोठ्या. सव्वादोनची घालत असेल तर दोन-सहाची. त्यावर काळ्या कापडाची पट्टी तिरकी गुंडाळायची, तिच्यामुळे आतलं माप कमी होतं. मग बाहेरच्या अंगाने लड ठेवून दर तिसऱ्या दाण्याला सुईने एक टाका. दाण्यातून सुई जात नाही, टाका दोन दाण्यांच्या मधल्या गाठीत घ्यायचा. बांगडी हातात सरकवताना लड आतल्या बाजूला आली की काटे मोडतात, म्हणून लड बरोबर मधोमध, कडेला नको.

कुडी मला सगळ्यांत आवडते. चार आण्याच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून पत्रिकेच्या जाड कागदाची चकती कापा, काळ्या कापडाने मढवा. साबुदाण्याचे सात दाणे सारख्या आकाराचे निवडा. इथे पाच मिनिटं जास्त घालवा. एक मधे, सहा भोवती. सारख्या आकाराच्या एका गोलाभोवती बरोबर सहाच बसतात. पाच घेतले तर फट राहते, सात मावत नाहीत. दाणा थोडा जरी मोठा-लहान झाला तर फूल वाकडं दिसतं. शिवायचं असं: सुई मागून वर, दाण्यावरून दोरा, पलीकडे खाली, पुन्हा वर, पहिल्या टाक्याला आडवा, खाली. दाण्यावर फुली पडते. मधला दाणा आधी. पांढरा दोरा पांढऱ्या काट्यांत दिसेनासा होतो. मागे कानात अडकवायला काळ्या दोऱ्याचा फासा. हे फार हलकं असतं, कानाला ओढ बसत नाही.

नथीला तार लागते. आमच्या खात्यातले लाइनमन जोडणीची वायर सोलून उरलेले तुकडे द्यायचे, अर्ध्या मिलिमीटरची कल्हई केलेली तांब्याची तार. ती हाताने वळते आणि वळलेली राहते. माझ्याकडे अजून वीतभर आहे. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात अशीच बारीक तार मागा, लोखंडी नको, गंजते. तारेचा अर्धगोल करा, एक टोक नाकात अडकेल असं वळवा आणि आत दाबून टाका, टोक बोथट झालं पाहिजे. साबुदाण्याचे पाच दाणे आधी दोऱ्यावर खुंट्याच्या गाठीने बांधून घ्या, मग तो दोरा तारेभोवती गुंडाळा. मधे एक लाल मणी. नथ घातल्यावर नवरी हसली की ती हलते आणि दाणा वरच्या ओठाला लागतो. माझ्या भाचीने संध्याकाळभरात नथीचा एक दाणा जिभेने चाटून अर्धा केला होता.

मंगळसूत्र दोन पदरी. काळे मणी ओवत जायचं, दर नऊ मण्यांनंतर एक दाणा गाठीने. वाट्यांसाठी नाण्याच्या मापाच्या दोन चकत्या, त्यावर कुडीसारखंच फूल. इथे गोल चकतीऐवजी कुणी पुठ्ठ्याला वाटीचा फुगीर आकार देतात. मला जमलेलं नाही, आणि काळ्या मण्यांवर पांढरं फूल चपटंच छान दिसतं.

कंबरपट्टा, बाजूबंद, बिंदी हे सगळं याच दोन कृतींतून होतं: एक तर लड, नाही तर चकती. पट्टा पुठ्ठ्यावर नको, दुहेरी कापडाच्या पट्टीवर करा. कापड कमरेबरोबर वाकतं, पुठ्ठा वाकत नाही. हे मला एक चंद्रकळा वाया घालवून कळलं.

जावईबुवांना हार, गुच्छ आणि हलव्याचा नारळ. नारळाला आधी खादीचा पांढरा कागद लावा, मग शेंडीपासून खाली लड गोल गोल गुंडाळत टाके घाला. नारळाला सात-आठ हात लड सहज लागते. ती आधी करून ठेवा, आयत्या वेळी हाताला फोड येतात. घड्याळ, मोबाइल असले प्रकारही मुली मागतात. पुठ्ठ्याला कापड मढवून त्यावर शिवले की होतात. मी एकदा लॅपटॉप केला होता. पुन्हा करणार नाही.

बोरन्हाणाला वेगळा नियम

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात, त्यामुळे वेळ मिळतो. २०२५ ला संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे. पण बाळाचे दागिने हे नवरीच्या दागिन्यांचे लहान माप नव्हे.

वर्षाचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. हलव्याचा दाणा कडक, लहान आणि गोड. घशात अडकायला याहून योग्य वस्तू शोधून सापडणार नाही. म्हणून बाळाला तार अजिबात नाही, मणी नाही, टिकल्या नाहीत. मनगटात हलवा नाही, कारण मनगट म्हणजे तोंडच. मनगटाला काळ्या-पांढऱ्या लोकरीचं कडं विणा, तेवढं पुरे. गळ्यात लांब हार नको, छातीवर बसेल अशी कापडाची चकती अंगरख्यालाच शिवून टाका. हलवा सगळा मुकुटावर आणि पाठीकडच्या बाजूला. मुकुट बाळाला दिसत नाही, म्हणून तो टिकतो.

मुकुटाचं माप घरातल्या टोपीवरून घ्या. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर भरतं, पण साधारणवर जाऊ नका. पुढची पट्टी कापडाची, आतून मऊ सुती, मागे दोन बोटं रुंद इलॅस्टिक. पट्टीवर दोन लडी, मधे एक फूल, मोरपीस शिवायचं तर त्याची काडी कापडात पूर्ण गुंडाळून. प्रत्येक दाणा दोनदा ओढून बघा. गाठीवर विश्वास असला तरी बघा. बासरी करायची तर कागदाच्या नळीला काळं कापड मढवून तिच्यावर नुसती रिबीन बांधा. ती बाळ चोखणारच आहे.

आणि डोक्यावर ओतताना वर्षाच्या आतल्या बाळावर फक्त चुरमुरे. बोरं, उसाचे करवे, शेंगा, हलवा हे सगळं भोवती जमलेल्या पोरांसाठी, पाटाच्या बाजूला टाका. तेवढी झुंबड त्यांना पुरते. दागिने बाळाच्या अंगावर दहा मिनिटं, फोटो झाले की काढा. कुणी "राहू दे ना, किती गोड दिसतंय" म्हणालं तरी काढा.

ठेवायचे कसे

थंडीतही आमच्याकडे कधी ढगाळ दिवस येतो आणि हलव्याला पाणी सुटतं. वाईला असं होत नाही, इथे खाडीची हवा आहे. झालेला दागिना लगेच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. खाली मूठभर कोरडे तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत, वर बटर पेपर, वर दागिना. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो ना, तेच. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर दवं धरतात आणि काटे वितळून दाणे टकले होतात.

मुंग्यांसाठी डबा पाण्याने भरलेल्या परातीत, वाटीवर उभा. खडूची रेघ मारायची असेल तर जमिनीवर मारा, डब्याला नको, दागिने खायचे आहेत हे लक्षात ठेवा. करायला पाच-सहा संध्याकाळी लागतात, म्हणून मी ५ जानेवारीच्या सुमारास बसते. त्याआधी केलेले टिकतात, पण रोज डबा उघडून बघण्याचा मोह होतो आणि दर वेळी थोडी ओल आत जाते.

घालताना साडी आधी, अत्तर आधी, केसांचा फवारा आधी, दागिने सगळ्यांत शेवटी. तयार झालेल्या नवरीला कुणी मिठी मारू नये हे मी दारातच सांगते. जेवायच्या आधी ठुशी काढा, गरम वरणाची वाफ हलव्याला लागता कामा नये.

आणि मग

दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला नको वाटलं तर त्याच्या दुसऱ्या दिवशी, दागिने सुटे करायला बसायचं. लडीचं एक टोक कापा आणि दोन दाण्यांच्या मधला दोरा दोन्हीकडे ढिला करा. खुंट्याची गाठ जशी पटकन बसते तशी पटकन सुटतेही. पोरांना हे काम द्या, ती सोडवत सोडवत खातात. कापडावर शिवलेले दाणे टाके कापून काढा. नारळ तर सर्वांत मजेचा, लडीचं टोक धरून ओढलं की तो जमिनीवर गरगरतो.

मंगळसूत्राला मात्र कात्री लावायची नाही. आत्याला तो शब्दही चालायचा नाही. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. मग हलव्याचं असलं म्हणून काय झालं. ती वाटीत कोमट पाणी घ्यायची आणि मंगळसूत्र त्यात अलगद सोडायची. आधी पाणी ढगाळ होतं, मग दाणे लहान होत होत काटे जातात, गाठी आपोआप सैल पडतात आणि तासाभरात तळाला तीळ, साबुदाणा, काळे मणी आणि दोरा एवढंच उरतं. मणी धुऊन डबीत, दोरा वाळवून पुन्हा पत्त्याच्या पानावर. ते गोड पाणी ती गायीच्या आंबोणात घालायची.

आमच्याकडे गाय नाही. कुंडीत ओतलं तर मुंग्या येतात. मी त्यातच दुपारचा चहा टाकते. तीळ आणि साबुदाणा गाळणीत राहतात.